मूठ डावीकडे कशी गेली

मंगळवार, ४ मार्च

आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी माझ्यावर अन्याय झाला. वेळ मी मनगटावरच्या घड्याळात बघून तिथल्या तिथे प्रवेशपत्राच्या पाठीवर टिपून घेतली, म्हणजे उद्या कुणी ‘साधारण दुपारच्या सुमारास’ असे म्हणायला नको.

रायफल कारखान्याच्या जुन्या गोदामाचे आता संग्रहालय झाले आहे. सैन्याच्या रायफलला पन्नास वर्षे झाली, त्याचे हे कौतुक. उद्घाटन २८ तारखेला संध्याकाळी पाच वाजता, सेनापतींच्या हस्ते. त्याआधी आम्हा निवृत्तांना बघायला बोलावले होते, बहुधा काचा नीट पुसल्या आहेत की नाहीत ते कळावे म्हणून. मी सदतीस वर्षे त्या कारखान्याच्या आराखडा विभागात ट्रेसर होते. साहेब लोक पेन्सिलीने कागदावर आराखडा काढत, आम्ही तो खळ दिलेल्या तलम कापडावर शाईने उतरवायचो, आणि त्या कापडावरून निळ्या प्रती छापल्या जात. कारखान्यात जे जे घडले ते आधी आम्हा बायकांच्या टाकाखालून गेले आहे.

मधल्या काचेच्या पेटीत पहिली रायफल ठेवली आहे. तिच्यासमोर पितळी पाटी. मजकूर असा: ‘डावीकडची मूठ ही आपल्या रायफलची ओळख. मुख्य आराखडाकारांनी एके दिवशी आपल्या पत्नीला बरणी उघडताना पाहिले. उजवा हात बरणीवर, डावा झाकणावर. त्याच क्षणी त्यांना ही कल्पना स्फुरली.’

मोठ्या साहेबांच्या, म्हणजे या मुख्य आराखडाकारांच्या, घरी मी तीनदा जेवले आहे. त्यांच्या बाईंनी जन्मात कधी बरणी उघडली नाही. त्यासाठी माणूस ठेवला होता.

ही वही पुढेमागे कुणाच्या हाती लागलीच तर समजावे म्हणून लिहून ठेवते. रायफलमध्ये गोळी चढवायला बाजूची एक मूठ मागे खेचावी लागते. पूर्वीच्या सगळ्या बंदुकांची मूठ उजवीकडे असे. म्हणजे उजवा हात चापावरून काढा, मूठ खेचा, पुन्हा चाप शोधा. तोवर समोरचा थांबतो थोडाच. आमच्या रायफलची मूठ डावीकडे. उजवा हात चापावरच ठेवायचा आणि डाव्याने खेचायचे. या मुठीपायी सैन्याची सगळी कवायत बदलली, पट्टे बदलले, गणवेशाचे खिसे या अंगाचे त्या अंगाला गेले. चौकातल्या शिपायाच्या पुतळ्याचा तर हात कापून नव्याने ओतावा लागला.

ती मूठ माझी आहे. कशी, ते इथे लिहायची गरज नाही.

पाटी वाचत होते तेव्हा मागे निळोपंत उभे होते. हे आमच्याकडे निळ्या प्रती छापायचे. रसायनात हात बुडवून बुडवून कोपरापर्यंत निळे झालेले असत, म्हणून निळोपंत. खरे नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक. मी म्हटले, बघितलंत का हे? ते बराच वेळ पाटीकडे बघत राहिले आणि म्हणाले, “बघितलं. पाटी जरा तिरकी आहे.”

पन्नास वर्षांत या माणसाने मुद्द्याचे एक वाक्य बोलल्याचे मला आठवत नाही.

बुधवार, ५ मार्च

संग्रहालयाला पत्राचा मसुदा केला. ‘डावीकडच्या मुठीची सूचना मूलतः प्रस्तुत निवृत्त कर्मचारिणीची असून...’ इथपर्यंत धाकटीला वाचून दाखवले. धाकटी म्हणजे माझी बहीण. नवरा गेल्यापासून माझ्याकडेच असते आणि माझ्या प्रत्येक वाक्याला लोणी लावायच्या सुरीने खरवडून बघते.

ती म्हणाली, “ताई, सूचना कुणाला केलीस? त्या वेळी तू साहेबांना ‘बरं’ एवढंच म्हणायचीस. तेही दाराआडून.”

मी तिला सांगितले की कॉन्व्हेंटात शिकलेल्या मुली गरजेपुरतेच बोलतात. ती म्हणाली, तेवढ्यापुरतीच शिकलीस वाटतं. पाव करपवून वर हे ऐकवण्याचे धाडस.

शनिवार, ८ मार्च

पत्र रजिस्टर पोस्टाने टाकले, पोचपावतीसह. खिडकीवरच्या माणसाने आत काय आहे विचारले. न्याय, असे म्हटले. त्याने ‘कागदपत्रे’ असे लिहिले.

बुधवार, १२ मार्च

उत्तराऐवजी फोन आला. येऊन भेटा म्हणे. गेले.

संग्रहालयाची अधिकारी म्हणजे तिशीतली एक पोर आहे. चष्मा एवढा मोठा की चेहरा त्याच्या मागे भाडेकरू वाटतो. तरी वागायला गोड. मला खुर्ची दिली, पाणी दिले, मग एक जुनी फाइल समोर ठेवली. तिची नाडीही बदललेली नव्हती. म्हणाली की माझे पत्र तिने गांभीर्याने घेतले, म्हणून जुने कागद स्वतः चाळले, आणि त्यात हे मिळाले.

२ डिसेंबरचा जबाब, पन्नास वर्षांपूर्वीचा. ‘आराखडा क्रमांक १७ मी मूळ कागदावर होता तसाच उतरवला आहे. त्यात माझ्याकडून कोणताही फरक झालेला नाही.’ खाली माझी सही. अक्षर इतके सुरेख, की पहिल्यांदा त्याचाच अभिमान वाटला.

“आजी, तुम्हीच लिहिलंय की मूठ मूळ कागदावर डावीकडेच होती,” ती म्हणाली. “मूळ कागद साहेबांचा. मग मी तुमचं नाव कशाच्या आधारावर घालू?”

मला ‘आजी’ म्हणाली ते सोडून दिले. बाकीचे सोडता येईना. पाटी बदलायची तर २८ च्या आधी आधार आणून द्या, म्हणाली; एकदा सेनापतींनी पडदा ओढला की पितळ पुन्हा कोण कोरतो.

परत येताना बसमध्ये दोन थांबे पुढे गेले.

गुरुवार, १३ मार्च

आता खरे लिहिते. वहीला कुलूप नाही, पण धाकटीचा चष्मा दुरुस्तीला गेला आहे.

मोठ्या साहेबांची पेन्सिल मऊ आणि हात जड. त्यांच्या कागदावर कापड ठेवले की कापडाला काळे लागे आणि प्रत डागाळे. म्हणून फक्त त्यांच्या कागदांसाठी आम्ही बारा जणींनी आपली एक रीत काढली होती. कागद काचेच्या टेबलावर पालथा घालायचा. खाली दिवा असे, त्याच्या उजेडात पाठीकडून रेघा स्वच्छ दिसत. त्यावर कापड ठेवून शाईने रेघा ओढायच्या. अर्थात त्या आरशातल्यासारख्या उलट्या उतरत. मग कापड उलटायचे आणि दुसऱ्या अंगावर मापे व अक्षरे लिहायची. म्हणजे रेघा एका अंगाला, अक्षरे दुसऱ्या अंगाला, आणि छापताना सगळे सुलट. हे कुठल्या नियमपुस्तकात नव्हते. आम्हा बायकांना ठाऊक होते, आणि छापणाऱ्याला.

९ नोव्हेंबरला माझ्याकडे क्रमांक १७ आला. रायफलचे वरचे झाकण, त्यातली खाच आणि मूठ. मला नोकरीला लागून वर्षही झाले नव्हते. कायम व्हायची होते. रेघा झाल्या, शाई वाळली. पावणेपाचच्या सुमाराला निळोपंत कापड न्यायला टेबलाशी येऊन उभे राहिले. अजून झालं नाही, म्हटले. तरी हलेनात. मग म्हणाले की रविवारी बागेत बँड असतो, चारला सुरू होतो, आणि तिथे बाकही आहेत. मी म्हटले, बरं मग? ते म्हणाले, तुम्ही याल का. अख्खे दालन लिहायचे थांबले होते. मी म्हटले, आधी हात धुऊन या. ते खरोखरच गेले. तेव्हा त्यांच्या मदतनिसाला हाक मारून कापड दिले आणि घरी निघाले.

मधल्या त्या पाच मिनिटांत मी मापे लिहिली, अक्षरे लिहिली, कोपऱ्यात सहीची आद्याक्षरे घातली.

कापड उलटायला विसरले.

उकाडा होता. दिवा डोळ्यावर येत होता. दुसरे काही कारण मला दिसत नाही.

तीन आठवड्यांनी नमुना तयार झाला तेव्हा मूठ डावीकडे. बाकी सगळे जिथल्या तिथे. साहेब अर्धा तास ओरडले, ते आवाराबाहेरच्या पानवाल्यालाही ऐकू गेले असेल. आम्हा बाराही जणींचे जबाब घेतले. मूळ कागद गुप्त म्हणून नेहमीप्रमाणे भट्टीत जाळलेला. माझ्याविरुद्ध बोलायला जगात फक्त माझी जीभ उरली होती, आणि ती गप्प बसली. शाळेत मदर सांगायच्या की खोटे बोललेली जीभ काळी पडते. मी आठवडाभर आरशात बघत होते.

तोवर चाचणीला आलेल्या शिपायाने तोच नमुना उचलला. दुसरा तयार नव्हता. एकदा चालवली, दोनदा चालवली, मग थांबेचना. दहा गोळ्यांना जो वेळ लागायचा त्यात सोळा उडवल्या. तो म्हणाला, “ज्यानं हे काढलंय, त्याचा हात एकदा बघायचाय मला.”

साहेबांनी हात पुढे केला.

मी खिडकीतून बघत होते. माझा हात खिशात होता. डावा. शाळेत याच हाताला रुमाल बांधून मला उजव्याने लिहायला शिकवले.

मदरची शिक्षा अशी असे की खोटे बोललेल्या मुलीने खरे वाक्य शंभरदा लिहायचे. मी कापड उलटायला विसरले. मी कापड उलटायला विसरले. मी कापड उलटायला विसरले. मी कापड. पुरे. मी एकाहत्तर वर्षांची आहे.

शनिवार, १५ मार्च

पुरावा असेल तर तो क्रमांक १७ च्या कापडातच. साहेबांच्या इतर सगळ्या कापडांवर रेघा एका अंगाला आणि अक्षरे दुसऱ्या अंगाला. त्या एकावर दोन्ही एकाच अंगाला. आंधळ्यालाही बोटाने कळेल. पण रायफल मंजूर झाल्यावर १७ रद्द करून त्याजागी नवा १७-अ केला, डाव्या मुठीचा, रीतसर. रद्द कापडांचे काय होई ते मला चांगले माहीत आहे. कापड उत्तम प्रतीचे असे. आम्ही घरी नेऊन दोन दिवस भिजत घालायचो, खळ आणि शाई गेली की अभ्रे शिवायचो, रुमाल शिवायचो. कारखान्यातल्या एकाही बाईने सदतीस वर्षांत अभ्रा विकत घेतला नसेल.

सकाळी घरातले सगळे अभ्रे काढून खिडकीशी धरले. शाई पूर्ण जात नाही, उजेडात पुसटशी दिसते. एका अभ्र्यावर स्प्रिंग, एकावर अर्धा दट्ट्या. धाकटी गेली आठ वर्षे तोफेच्या चाकावर डोके ठेवून झोपते आहे. तिला सांगितले तर म्हणाली, तरीच.

१७ मिळाला नाही. मग नाइलाजाने निळोपंतांकडे गेले.

एकटाच जीव, दोन खोल्या. माझ्याहून स्वच्छ आहेत, हे लिहिताना मला आनंद होत नाही. चहा केला. मी आल्याचे कारण सांगितले: रद्द झालेली कापडे त्यांच्या हातूनच जात, तर १७ चे काय केले? ते उठले, कपाटाच्या वरून पत्र्याची गोल नळी काढली आणि कापड टेबलावर पसरले.

धुतलेले नाही. खळ जशीच्या तशी. पन्नास वर्षांपूर्वी लागायची तशी टाकाच्या शाईची धार बोटाला लागली. रेघा आणि अक्षरे एकाच अंगाला. कोपऱ्यात माझी आद्याक्षरे, शेजारी त्यांच्या मदतनिसाची पोच: ९ नोव्हेंबर, ४.५०.

नियमाप्रमाणे हे रद्द झाल्यावर जाळायला हवे होते, मी म्हटले. त्यांनी मान हलवली. गुप्त कागद घरी ठेवणे हा गुन्हा आहे. पुन्हा मान हलवली. मग मी विचारले की प्रत काढताना मूठ उलटी आहे हे लक्षात आले नव्हते का.

“आलं की,” ते म्हणाले. “कापड हातात घेतल्या घेतल्या आलं.”

“मग कळवलं का नाहीत?”

“तुमची कायम व्हायची फाइल तेव्हा साहेबांच्या टेबलावर होती.”

काय हा मूर्खपणा. चूक दिसली की छापणाऱ्याने तत्काळ वर कळवायचे, हा नियम भिंतीवर लावलेला होता. त्यांच्या डोळ्यांसमोर. शिवाय एवढे चांगले कापड पन्नास वर्षे नुसते नळीत ठेवले. पुरुषांना धुणे म्हटले की नको असते.

कापड घेऊन आले. नळीही दिली त्यांनी.

मंगळवार, १८ मार्च

मोठ्या साहेबांकडे गेले. लढाईआधी शत्रूला भेटून यावे. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत, कानात यंत्र आहे. नको असलेले वाक्य सुरू झाले की ते यंत्र बंद करतात आणि संपले की चालू करतात. वेळ साधणे हे त्यांना पहिल्यापासून जमते.

मी नळी उघडली. त्यांनी कापडावरून एकदा बोट फिरवले, आणि हसले. म्हणजे ओळखले. त्यांना आमची रीत ठाऊक होती, आणि आम्ही पन्नास वर्षे समजत होतो की ठाऊक नाही.

म्हणाले, “मुठीची कल्पना माझी असं मी म्हटलं नसतं, तर ती कुणाची चूक हे शोधावं लागलं असतं. तुम्ही तीन आठवड्यांत घरी बसला असता. म्हणजे मी तुमची नोकरी वाचवली.” मग ती बरणी कुठून आली, असे मी विचारले. त्यावर म्हणाले की इतक्यांदा सांगितले की आता त्यांना ती बरणी खरोखर आठवते. आतले लोणीसुद्धा.

मला राग यायला हवा होता. आला नाही, म्हणून जास्त राग आला.

निघताना दारापर्यंत आले, काठी टेकत. म्हणाले, “बाई, तुम्हाला श्रेय हवंय की चूक नकोय, ते आधी ठरवा. दोन्ही एकदम कुणालाच मिळत नाही. मलाही नाही मिळालं.”

मी म्हटले, तुम्हाला तर मिळालं.

त्यांनी यंत्र बंद केले होते.

गुरुवार, २० मार्च

दिवाणखान्यात भिंतीवर माझे प्रशस्तिपत्र आहे. ‘सदतीस वर्षांच्या सेवेत एकही चूक नाही.’ तीन व्यवस्थापकांच्या सह्या, खाली शिक्का. आल्यागेल्याला मी आधी ते दाखवते, मग बसायला सांगते. दुकानदाराचे वजन, डॉक्टरांचे अक्षर, धाकटीचे पाव, सगळ्यांच्या चुका मी त्या चौकटीखाली उभे राहून काढल्या आहेत. कापड दाखवले की ती चौकट गेली. नाही दाखवले की बरणी राहिली.

तीन दिवस काही सुचत नाही. आज एकदा कापड पाण्याच्या बादलीपर्यंत नेले. दोन दिवस भिजवले की एक अभ्रा होतो आणि प्रश्न मिटतो.

धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. चष्मा दुरुस्त होऊन आला आहे, आणि माझी वही, मला वाटते, तिने वाचली आहे. कारण ती बादलीकडे न बघता म्हणाली, “ताई, तुझ्या हातून सदतीस वर्षांत एकच गोष्ट चुकली, आणि तेवढीच कामाला आली. बाकी सगळं बरोबर केलंस, त्याचं बघ, मी डोक्याखाली घेऊन झोपते.”

मी कापड परत नळीत घातले. तिला मात्र म्हटले की दुसऱ्याच्या वह्या वाचणे असंस्कृतपणाचे आहे. ती म्हणाली, कुठली वही?

जेवताना तिने सहज सांगितले की निळोपंत दर रविवारी चार वाजता बागेतल्या बाकावर बसलेले दिसतात. ती इथे राहायला आल्यापासून बघते आहे. मी म्हटले, बँड ऐकत असतील. धाकटी म्हणाली, बँड बंद होऊन अठरा वर्षे झाली.

माणसाला निवृत्तीनंतर काही काम नसले की असे होते.

रविवार, २३ मार्च

चौकातला पुतळा बघायला गेले होते. हात नव्याने ओतला तिथे सांधा अजून दिसतो, जरा कच्चेच काम आहे. परतीची वाट बागेतून जवळची पडते. फार जवळची नाही.

निळोपंत बाकावर होते. मी उभ्याउभ्याच सांगितले की कापड संग्रहालयाला द्यायचे की नाही ते ठरवायचे आहे, आणि त्यात त्यांचेही नाव निघेल. चूक बघून न कळवल्याबद्दल. ते म्हणाले, चालेल. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले, तळवे वर, जसे शाळेत तपासणीला करतात तसे. पांढरे होते. नखांच्या मुळाशी जराशी निळाई, ती आता काही जायची नाही.

“धुतले,” ते म्हणाले.

“कधी?”

“त्याच दिवशी. साबणानं निघेना, मग भट्टीतली राख लावली. परत येईपर्यंत साडेपाच झाले. तुम्ही निघून गेला होतात.”

मी काहीतरी बोलणार होते ते विसरले. वय झाले. थोडा वेळ बाकावर बसले, कारण पाय दुखत होते. बँडच्या चौथऱ्यावर आता सायकली लावतात.

घरी येऊन १३ तारखेचे पान पुन्हा वाचले. उकाडा होता असे मी लिहिले आहे. ९ नोव्हेंबरला उकाडा कसला?

बुधवार, २६ मार्च

पत्र पूर्ण केले. सकाळी मी स्वतः नेऊन दिले, संग्रहालयाच्या शिक्क्याची पोच घेतली. नक्कल इथे उतरवून ठेवते. ताडून बघितली आहे, एकाही अक्षराचा फरक नाही. या वेळी खरोखरच नाही.

‘विषय: माझ्यावर मेमो बजावण्याबाबत.

महोदया,

माझे ८ मार्चचे पत्र मी मागे घेते. डाव्या मुठीची सूचना मी केलेली नव्हती. मी कापड उलटायला विसरले. २ डिसेंबरचा माझा जबाब खोटा आहे. अक्षर तेवढे खरे आहे.

कर्मचाऱ्याच्या हातून चूक झाली की त्याला मेमो द्यायचा, हा कारखान्याचा नियम आहे. मला तो पन्नास वर्षांत मिळालेला नाही. तरी तो आता रीतसर, सही-शिक्क्यानिशी द्यावा. त्यात पुढील वाक्य असावे आणि त्यातला शब्दही बदलू नये: “आपल्या निष्काळजीपणामुळे सैन्याच्या रायफलची मूठ डावीकडे गेली.” हा मेमो पितळी पाटीशेजारी चौकटीत लावावा. चौकट मी सोबत पाठवत आहे. आतले प्रशस्तिपत्र आता चुकीचे असल्याने आपल्या दप्तरी जमा करावे. बरणीचा मजकूर राहू द्यायला माझी हरकत नाही. साहेबांच्या बाईंच्या हातून तेवढे तरी काम झाले असे लोकांना वाटेल.

प्रती छापणारे कर्मचारी, ज्यांना निळोपंत म्हणत, हे या चुकीत माझ्याइतकेच दोषी आहेत. अक्षरे लिहिण्याच्या वेळी त्यांनी माझे लक्ष विचलित केले, आणि चूक दिसूनही कळवली नाही. त्यांना वेगळा मेमो काढू नये. एकाच कागदावर दोघांची नावे घालावीत.

कापड क्रमांक १७ माझ्या ताब्यात आहे. मेमो मिळताच ते आपल्या स्वाधीन करीन. शुक्रवार, २८ मार्च, दुपारी चार वाजेपर्यंत लेखी उत्तर यावे. न आल्यास पाच वाजता मी पहिल्या रांगेत असेन, आणि सेनापतींना सर्वांसमक्ष विनंती करीन की त्यांनी संग्रहालयाच्या पेट्यांतल्या, साहेबांच्या इतर कापडांवरून आणि मग माझ्या कापडावरून एकदा बोट फिरवावे.

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी: निळोपंत.

आपण ९ नोव्हेंबर रोजी सायंकाळी पावणेपाच वाजता विचारलेल्या प्रश्नावर अद्याप निर्णय झालेला नाही, असे कागद चाळताना आढळून आले. हात धुण्याची अट आपण पूर्ण केल्याची नोंद घेतली आहे. बँड बंद असला तरी बाक जागेवर आहे. सदर प्रश्न अजून लागू आहे किंवा कसे, हे आपल्या खऱ्या नावाने सही करून, शनिवार, २९ मार्च, सायंकाळी पाच वाजेपर्यंत लेखी कळवावे.

तोंडी उत्तर स्वीकारले जाणार नाही. तोंडी आपण बाक जरा तिरका आहे असे काहीतरी सांगाल.’